अठरा वर्षं, तीन महिने, अकरा दिवस

बँकेच्या खिडकीआडची मुलगी माझा कागद बघून हसली आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला म्हणाली, "सर, ये सत्रहवाँ. आज सुबह से सत्रहवाँ एक जून." तो माणूसही हसला. नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा महिना. माझ्या मागे आणि पुढे रांगेत जी पांढरी डोकी होती त्यातल्या निम्म्यांची जन्मतारीख एक जून असणार, हे मला त्या मुलीपेक्षा जास्त ठाऊक होतं. "काका, तुमच्या जमान्यात सगळे एकाच दिवशी जन्मायचे काय?" तिनं विचारलं. त्यात कुचेष्टा नव्हती. मीही हसलो. लोक हसले की मी हसतो, ही माझी जुनी खोड आहे. मग तिनं अंगठा यंत्रावर ठेवायला सांगितलं. तो उमटेना. शर्टाला पुसा म्हणाली, पुसला, पुन्हा उमटला नाही. तिसऱ्यांदा पुसताना खिशातला कागद कुरकुरला आणि माझा हात तिथेच थांबला. तो कागद कालपासून त्या खिशात होता. शर्ट बदलला तेव्हा मी तोही बदलून या शर्टात घातला होता, का ते मला सांगता येणार नाही. यंत्रावर हिरवा दिवा लागला, मुलगी म्हणाली झालं काका, तुम्ही जिवंत आहात, आणि मागच्या माणसानं मला हळूच बाजूला सारलं. बाहेर पायरीवर आलो. सतरा माणसांवर ती मुलगी हसली होती. मी माझ्या मास्तरकीत किती मुलांच्या नावापुढे एक जून लिहिलं, त्याचा हिशेब मला पायरीवर उभ्या-उभ्या लागेना. चारशे तरी असतील. त्यातला एक आता फाशीच्या तोंडाशी उभा होता आणि खिशातला कागद म्हणजे त्याच्या खटल्यात साक्षीला या म्हणून न्यायालयाचं समन्स होतं.

इथली माणसांची नावं मी बदलली आहेत, माझंही लिहीत नाही. गावाचं नाव सांगत नाही. अर्जुनी मोरगावच्या पलीकडे, तळ्याच्या काठचं एक गाव, एवढं पुरे. ज्या मुलीचा हा खटला, तिचं नाव तर कायद्यानंच लिहायचं नसतं. इतरांना मी दुसरी नावं दिली, तिला दुसरं नावही माझ्यानं देववलं नाही. ती सात वर्षांची होती. तीन वर्षांपूर्वी, सप्टेंबरच्या बारा तारखेला ती शाळेतून घरी आली नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या पाळीखाली, मातीच्या बांधाशी, सापडली. ओमेशनं पोलिसांना जागा दाखवली. त्यानं काय केलं याबद्दल कोणाच्याही मनात शंका नाही, माझ्याही नाही. तो गावातलाच, सेवकरामचा मुलगा, दहावी नापास, कधी धान कापणीच्या यंत्रावर, कधी सडक अर्जुनीच्या ढाब्यावर कामाला. खटला तीन वर्षं चालला. साक्षी संपल्या, आता शिक्षेचंच बोलणं उरलं होतं, आणि सरकारी वकील फाशी मागणार हे चहाच्या टपरीवरही माहीत होतं. तेवढ्यात ओमेशचा वकील बदलला. गरिबांना सरकार देतं तसला वकील, या खेपेला एक तरुण बाई, मेश्राम मॅडम. तिनं जुने कागद उलटून पाहिले आणि वयाचा मुद्दा काढला. शाळेच्या दाखल रजिस्टरात ओमेशची जन्मतारीख आहे एक जून दोन हजार चार. म्हणजे त्या दिवशी तो अठरा वर्षं, तीन महिने, अकरा दिवसांचा होता. अठराच्या आतल्याला फाशी देता येत नाही, मग त्यानं काहीही केलेलं असो. रजिस्टर खरं असेल तर फाशी होऊ शकते. त्यात साडेतीन महिन्यांचा जरी फरक निघाला तर नाही. जन्माचा दुसरा पुरावा नाही, घरी जन्मलेला, ग्रामपंचायतीत नोंद नाही. रजिस्टरातलं अक्षर माझं आहे. मी दोन हजार चौदाला निवृत्त झालो, मुलाकडे गोंदियाला आलो, पुस्तकं वाचत बसलो. आणि आता शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मी न्यायालयात उभं राहून सांगायचं होतं की ती तारीख मी कशावरून लिहिली.

कशावरून लिहिली? जून महिना सुरू झाला की आम्ही मास्तर लोक पोरं गोळा करायला निघायचो. पट भरला नाही तर दुसऱ्या शिक्षकाचं पद जायचं आणि चार वर्ग एकट्यानं सांभाळावे लागायचे. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधीचे दिवस. लोक धानाच्या बांध्यांवर. मी छत्री आणि वही घेऊन दारोदार. चैतराम नावाचा एक शेतकरी होता, आपल्या ओट्यावरून ओरडायचा, "गुरुजी पोट्टे पाहून राहिले का बायको?" आणि अख्खा टोला हसायचा. मी लाजायचो, पण त्याच्या घरून पोर घेऊनच उठायचो. सहावं लागलेलं असलं की पहिलीत घ्यायचं असा नियम. पण कोणाला किती महिने झाले हे आईलाही धड सांगता यायचं नाही. मोठं पाणी आलं त्या साली, पहिली गाय मेली त्या साली, असं सांगायच्या. मग एक जुनी परीक्षा होती, माझ्या मास्तरांनी माझी घेतलेली. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. कान हाताला आला तर पोर शाळेचं झालं. मुलांना तो खेळ वाटे. मान वाकडी करून, जीभ बाहेर काढून कान शोधत. ज्यांचा पोचला त्यांचं वय मी सहावं लागलेलं धरायचो, आणि ज्यांचा नाही पोचला त्यांना पुढच्या साली या म्हणायचो. म्हणायला हवं होतं. दोन हजार नऊच्या त्या जूनमध्ये पट दोनानं कमी पडत होता. त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात सहा मुलं रांगेत उभी होती आणि त्यातल्या एकाची बोटं कानाच्या दोन बोटं अलीकडे थांबली. मला ती बोटं दिसतात. मनगटात काळा दोरा, नखांत माती, केसांवरून सरपटत जाणारी आणि कानाच्या वर येऊन थांबलेली, पुढे जायला धडपडणारी बोटं. मी म्हणालो, आला, आला, धरला कान, शाबास. आणि लिहिलं. सहाही मुलांपुढे मी एकच तारीख लिहिली. ती बोटं ओमेशची होती असं मला वाटतं. वाटतं, यापुढे मला जाता येत नाही. काळा दोरा तर निम्म्या पोरांच्या मनगटात असायचा. वकील बाईचा फोन येण्याआधी ती बोटं कोणाची हे मला आठवत होतं का, की तिचा फोन आल्यावर मी त्यांना ओमेशचं मनगट जोडलं? गेल्या पंधरा दिवसांत मी तो व्हरांडा इतक्या वेळा पाहिला आहे की आता त्या सहाही मुलांना मला ओमेशचाच चेहरा दिसतो.

मेश्राम मॅडम घरी आल्या होत्या. चहा घेतला नाही. माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे एकदा पाहिलं आणि सरळ म्हणाल्या की तुम्ही काय सांगायचं ते मी तुम्हाला सांगणार नाही, तसं केलं तर माझी वकिली जाईल. "ती नोंद कशावरून केली, एवढंच मी विचारणार. बापानं सांगितलं म्हणालात तर नोंद टिकेल. अंदाजानं केली म्हणालात तर टिकणार नाही, मग डॉक्टर हाडं तपासतील, आणि या वयात हाडांवरून वर्ष-दोन वर्षांचा फरक धरावाच लागतो. त्याचा फायदा आरोपीला." मी विचारलं, तुम्हाला मुलं आहेत का? विचारायला नको होतं. त्या म्हणाल्या, एक मुलगी आहे, दुसरीत. आणि उठल्या. त्यांच्या चपला घालण्याकडे पाहत मी दारात उभा राहिलो. एवढी ठाम माणसं मला नेहमी भीती घालतात.

मी फाशीच्या विरुद्ध आहे का? हे मला कोणी कधी विचारलं नाही, आणि मी सांगितलंही नाही. पुस्तकं वाचून माझी मतं झाली आहेत, पण ती कपाटातच राहतात. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेसाठी मी हाच विषय मुलांना द्यायचो आणि दोन्ही बाजूंची भाषणं मीच लिहून द्यायचो. दोन्ही चांगली होत. ती बातमी आली तेव्हा तळ्याच्या गावात मोर्चा निघाला, गोंदियातही चौकात मंडप पडला, टेबलावर सह्यांचे कागद. माझी सून दामिनी मला घेऊन गेली. तिनं आपली सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं. मागे माणसं उभी होती. मी सही केली, आणि खाली सेवानिवृत्त मुख्याध्यापक असंही लिहिलं. आरोपीला फाशी द्या, असं त्या कागदाच्या माथ्यावर छापलं होतं. तेव्हा आरोपी कोण हे मला माहीत होतं, रजिस्टर मात्र आठवलंही नाही. परत येताना रिक्षात दामिनी म्हणाली, "बाबा, अशा माणसाला जगवायचं कशासाठी? आपल्या पैशानं जेवू घालायला?" माझ्याकडे उत्तर होतं. मी वाचलं होतं की ज्याला अत्याचार आणि खून दोन्हींसाठी मरायचंच आहे तो मुलीला सांगायला जिवंत सोडत नाही, की शिक्षेच्या जबरपणापेक्षा ती चुकत नाही याची भीती मोठी असते, की दोरी ओढणारा माणूस आपण आपल्यातूनच कोणीतरी पगारावर ठेवतो. पण रिक्षात माझी नात दामिनीच्या मांडीवर झोपली होती, तिची एक चप्पल पायातून गळून माझ्या पायाशी पडली होती, आणि तसल्याच एका लहान चपलेचा फोटो त्या दिवशीच्या पेपरात होता. मी चप्पल उचलून हातात धरली. घर येईपर्यंत ती हातातच होती.

बुधवारी दुपारी रविता आली. ती मुलीची आई. बरोबर तिचा बाप, तोच ओट्यावरून ओरडणारा चैतराम. आता तो ओरडत नाही. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसला तो शेवटपर्यंत भिंतीवरच्या पालीकडे बघत होता. घरात मी एकटाच होतो. रविता माझी विद्यार्थिनी. चौथीपर्यंत माझ्याकडे शिकली, अक्षर चांगलं होतं. मी पाणी आणलं, तिनं घेतलं. तिचे डोळे कोरडे होते. ती रडेल याची मी तयारी करून ठेवली होती, आणि ती रडत नाही हे पाहून माझी सगळी तयारी वाया गेली. ती म्हणाली, मी काही मागायला आले नाही, एकच विचारायला आले. मग तिनं विचारलं की तुम्ही शुक्रवारी म्हणणार आहात का, की तारीख अंदाजानं लिहिली? मी म्हणालो, अजून काही ठरवलं नाही. खोटं होतं ते. की खरं होतं? ती मान हलवत राहिली, जणू मी फळ्यावरचं गणित चुकलो होतो.

"गुरुजी, माहं लग्न सामूहिक मेळाव्यात झालं," ती म्हणाली. "मेळाव्यावाल्यानं वयाचा कागद मांगला. बाबा तुमच्याकडून दाखला घेऊन आले. त्याच्यावर एक जूनले अठरा भरत होते. पाच जूनले मले उभं केलं. मी आईले म्हणलं, मले नाई करायचं. आई म्हणे, झाली तू अठराची, कागद पाह्य." ती थांबली. "तेव्हा कोणी म्हणलं का, गुरुजीनं अंदाजानं लिवलं म्हणून? माह्यासाठी तो कागद खरा. मग त्याच्यासाठी खोटा काऊन?"

चैतराम व्हरांड्यातून म्हणाला, "पोरी, चाल आता." त्याच्या आवाजात जोर नव्हता. ती उठली नाही. मी तिच्या पायांकडे बघत होतो. मला तो दाखला आठवला. माझ्या नोकरीतल्या शेवटच्या सह्यांपैकी एक. मी तिला मुलगी समजून, मोठी झाली म्हणून, त्या दाखल्याबरोबर कौतुकाचे दोन शब्दही बोललो होतो चैतरामशी. शेवटी मी म्हणालो की रविता, त्याला सोडणार नाहीत, वीस-पंचवीस वर्षं तरी तो तुरुंगात राहील. ती म्हणाली, "पंचवीस वर्षांनं तो पंचेचाळीसचा होईन. बाहीर येईन. चहा पिईन." आणि मग उठली. दारातून वळून म्हणाली की तुम्ही काहीही म्हणा गुरुजी, मी शुक्रवारी येणार आहे, मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

त्या संध्याकाळी मी एक मूर्खपणा केला. नात शाळेतून आली होती. ती आता सात वर्षांची आहे, तिच्यासोबत शेजारची एक पाच वर्षांची मुलगी, दोघी अंगणात खेळत होत्या. मी त्यांना रांगेत उभं केलं आणि म्हणालो, चला, हात डोक्यावरून नेऊन कान धरा बघू. नातीनं पटकन धरला. पाच वर्षांच्या मुलीची बोटं कानाच्या वरच्या कडेला टेकली आणि घसरली. पुन्हा टेकली. मी खाली बसलो, अगदी जवळून पाहिलं, एक बोट कमी पडत होतं, की नव्हतं? मान जरा वाकवली तर पोचत होतं. मी तिला मान सरळ ठेव म्हणालो, मग वाकव म्हणालो, मग पुन्हा सरळ. माझ्याच लक्षात आलं की ती मुलगी आता हसत नव्हती. मी तिचा हात धरून ठेवला होता. "बाबा." दामिनी दारात उभी होती, ऑफिसची पर्स खांद्यावर तशीच. तिनं आधी त्या मुलीला घरी जायला सांगितलं, आपल्या मुलीला आत पाठवलं, आणि मग माझ्याकडे वळली. तिला सगळं कळलं होतं. ती म्हणाली, तुम्हाला असं वाटतं का बाबा, की कानापर्यंत हात पोचला नाही म्हणून त्याला तेरा वर्षांनी काय करतोय ते कळत नव्हतं? मी म्हणालो, नाही, त्याला कळत होतं. "मग?" मी म्हणालो की मला एवढंच माहीत नाही की तो किती वर्षांचा होता, आणि मी ते माहीत असल्यासारखं लिहिलं. "कोई फर्क नहीं पडता," ती म्हणाली. ती रागावली की हिंदीत बोलते. "कोई फर्क नहीं पडता बाबा, वो बच्ची तो सात की ही थी." त्या रात्रीचं जेवण तिनं मला वेगळं वाढून ठेवलं. ताटावर झाकण होतं, जेवण गरम होतं. त्यामुळे ते जास्त लागलं.

न्यायालयाच्या त्या खोलीत ट्यूबलाइट दिवसाही चालू होती. आताच्या मुख्याध्यापिका रजिस्टर घेऊन आल्या होत्या, लाल कापडाच्या बांधणीचं, कोपरे झिजलेले. मी ते उघडलेलं पाहिलं आणि माझं अक्षर मला दुरून ओळखू आलं. त्या काळात माझं अक्षर फार सुरेख होतं. सरकारी वकील, मेश्राम मॅडम, चार-पाच इतर माणसं, मागच्या बाकावर रविता आणि चैतराम, दुसऱ्या टोकाला सेवकराम, धोतराचा सोगा हातात घट्ट धरून. ओमेशला दोन शिपायांमध्ये बसवलं होतं. मिशा आल्या होत्या, खांदे रुंद झाले होते, तुरुंगातल्या जेवणानं चेहरा सुजल्यासारखा. मी त्याला ओळखलं नसतं. पण मी पिंजऱ्याच्या पायरीवर चढलो तसा तो ताडकन उठून उभा राहिला, दोन्ही हात बाजूला, हनुवटी वर, जसा गुरुजी वर्गात आले की उभं राहायला मीच शिकवलं होतं. शिपायानं त्याला खांदा दाबून बसवलं. त्या क्षणी मला त्याची कीव आली, आणि मागच्या बाकावर रविता आहे हे आठवून त्या कीवेची किळस आली, आणि कोणतं आधी आलं ते मला आता सांगता येत नाही.

मेश्राम मॅडमनी विचारलं, ही नोंद तुमच्या हातची का? हो. कशावरून केली? मी खिशात एका कागदावर उत्तर लिहून आणलं होतं, तीन वाक्यं, खाडाखोड करून. ते काढता येत नव्हतं. मी म्हणालो की अंदाजानं केली. बाप काय म्हणाला होता? बाप काही म्हणाला नव्हता, बापाला मी विचारलं नव्हतं. मागे सेवकरामनं श्वास सोडल्याचा आवाज मला ऐकू आला असं वाटलं. त्याच पानावर त्या दिवशीच्या सहा मुलांची हीच तारीख आहे, हे खरं का? खरं. न्यायाधीशांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं, बोट ठेवून एकेक ओळ खाली गेले, आणि पान उलटून मागच्या वर्षाचं पाहिलं. तिथेही तेच होतं. त्यांनी आणखी एक पान उलटलं आणि मग रजिस्टर मिटलं.

सरकारी वकील उठले. ते शांत माणूस होते, मला दरडावतील असं वाटलं होतं, तसं झालं नाही. त्यांनी विचारलं की म्हणजे तुम्ही या शाळेत सोळा वर्षं सरकारी दस्तऐवजात खोट्या तारखा लिहीत होता? मी म्हणालो, हो. मग आज तुम्ही खरं बोलता हे कशावरून मानायचं? ते उत्तरासाठी थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, तुमचा फाशीला विरोध आहे म्हणून तर हे नाही ना? मी म्हणालो की नाही, मी चौकात फाशीच्या मागणीवर सही केली आहे, कागद कुठेतरी असेल. खोलीत कोणीतरी खुसफुसलं. मग न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "गुरुजी, एवढंच सांगा. या मुलाला तेव्हा पाच वर्षं पूर्ण झाली होती का? तुम्हाला काय आठवतं?" आणि मी त्या व्हरांड्यात गेलो. सहा मुलं. काळा दोरा. मला हो म्हणता आलं असतं आणि नाही म्हणता आलं असतं, दोन्हीवर कोणी माझा हात धरला नसता. मी म्हणालो, "साहेब, त्या दिवशी एका मुलाचा हात कानापर्यंत पोचला नव्हता. तो याचाच, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण याचा पोचला असता, नसता, मी तीच तारीख लिहिली असती. मला मुलं हवी होती." टंकलेखक मुलीनं ते टाइप केलं. शेवटचं वाक्य टाइप करताना ती थांबली, न्यायाधीशांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, मग तेही टाइप केलं. त्यांनी वैद्यकीय तपासणीचा आदेश लगेच तोंडी सांगितला. सरकारी वकिलांनी फाईलची दोरी बांधली, आणि ती बांधण्याच्या पद्धतीवरून मला कळलं की फाशीचा प्रश्न त्यांच्यापुरता संपला. साक्ष छापून यायला दहा मिनिटं लागणार होती, तोवर बाहेर बसा म्हणाले. सही करायची होती.

बाहेरच्या बाकावर मी बसलो. रविता बाहेर आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. चैतराम बसचं बघायला पुढे गेला होता. मी तिच्या शिव्यांची वाट पाहत होतो, त्या मला पचल्या असत्या. शेवटी ती समोर बघत म्हणाली, "तर मग मी किती वर्षाची आहो, गुरुजी?" मी म्हणालो, काय? तिनं तसंच पुन्हा विचारलं. मला आठवत होतं. तिच्याबद्दल मला काही शंका नव्हती, हीच विचित्र गोष्ट. दोन हजार एकचा जून, तिची मोठी बहीण तिसरीत होती आणि हिला कडेवर घेऊन आली होती, आई धानाच्या बांधीत कामाला गेली म्हणून. हिला मी उभं केलं तर ती पुन्हा बहिणीच्या कडेवर चढली. मी म्हणालो, तू साडेतीनची असशील. चारचीही नव्हतीस. मी पाच पूर्ण लिहिली. ती बोटांवर मोजू लागली. ओठ हलत होते, एका बोटावर थांबून ती मागे आली, पुन्हा मोजलं. गणितात ती कच्चीच होती, मी सांगू का असं माझ्या ओठांवर आलं. मग तिची बोटं थांबली.

"म्हणजे माही पोरगी झाली तेव्हा मी सतराची होती," ती म्हणाली. "लग्न तर त्याच्याही आधी." तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला, पिशवी उचलली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मले नाई म्हणलं कोणी लेकरू, गुरुजी."

आतून शिपायानं माझ्या नावाचा पुकारा केला. ती जिन्यानं खाली गेली. मी आत गेलो. छापलेली तीन पानं टेबलावर होती, कोमट. वाचून बघा, काही चुकलं असेल तर आत्ता सांगा, टंकलेखक मुलगी म्हणाली. मी उभ्यानं सगळं वाचलं, एकेक ओळ. काही चुकलं नव्हतं. तिनं कागद दोन बोटांनी दाबून धरला, आणि मी तिन्ही पानांवर सही केली.